देवासचे पाणी, देवासचे गाणे

(देवस्थानच्या वर्धापन-महोत्सवानिमित्त सभामंडपात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर शास्त्री बोलले, कीर्तनकार बोलले, महाविद्यालयातील प्राध्यापक बोलले. यंदा समितीने हा मान एका निवृत्त कारकुनास दिला, ही समितीची उदारता होय. लिसेवमधून बाहेर पडल्यावर ज्याने उभे आयुष्य आवक-जावक बारनिशी भरण्यात घालविले, त्याच्याकडून आपण पांडित्याची अपेक्षा ठेवणार नाही, असा भरवसा मला आहे. मात्र कारकुनाला एक खोड असते. कोणी काहीही सांगितले की ते कोणत्या सालचे, किती आणि कोणत्या शीर्षाखाली, हे विचारल्यावाचून त्यास राहवत नाही. माझ्या बोलण्यात आकडे अधिक आणि अलंकार थोडे आढळले, तर त्याचे कारण हेच समजावे.

विषय कोणता, असे मुखत्यारांनी विचारले तेव्हा मी ‘सतवास’ म्हणून सांगितले. त्यांनी ते ‘सातारा’ असे टिपून घेतले. त्यांचा दोष नाही. सतवास हे नाव गोमंतकात कोणाच्या कानावरून जाण्याचे कारण नाही. मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात, मालव्याचे पठार उतरून खाली नर्मदेच्या खोऱ्याकडे गेले म्हणजे हे तहसिलीचे गाव लागते. आमचे जावई नोकरीनिमित्त तेथे आहेत, आणि गेली काही वर्षे थंडीचे दोन-तीन महिने आम्ही उभयता तेथे राहतो. निवृत्त माणसाला परमुलखात काम असे काही नसते. तो पाहतो आणि ऐकतो. मी तेथे पाणी साठविणारी माणसे पाहिली, रात्र रात्र गाणारी माणसे ऐकली आणि गोष्टी सांगणारी माणसे ऐकली. त्यांविषयी बोलावे असे मनात होते, आणि आमसभेची विषयपत्रिका हाती पडल्यावर तर ते बोललेच पाहिजे असे वाटले. ते का, हे ओघाने येईल.

धार आणि देवास ही नावे मराठी माणसास अगदीच परकी नाहीत. दोन्ही पवारांची संस्थाने. देवासात तर थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात शेजारी शेजारी नांदल्या. इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ साली थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव यांच्याकडे चिटणीस म्हणून राहिले होते. तेथील गोकुळाष्टमीच्या भजनांनी आणि गोंधळाने ते इतके चक्रावून गेले की ‘ए पॅसेज टु इंडिया’ या त्यांच्या १९२४ सालच्या कादंबरीतील देवळाचा भाग त्या अनुभवावर उभा राहिला. आपल्याकडील पालखीच्या रात्री त्यांना दाखविता आल्या असत्या, तर त्यांनी आणखी एखादे प्रकरण लिहिले असते, यात मला शंका नाही.

असो. मालव्याविषयी त्या बाजूस एक जुनी म्हण आहे. येथे पावलागणिक पाणी आणि पावलागणिक भाकरी, असा तिचा आशय. अशा मुलखातील देवास शहरात २५ एप्रिल १९९० रोजी काय घडले ते ऐका. त्या दिवशी इंदूरहून पाण्याचे ५० टँकर घेऊन आगगाडी देवासच्या स्थानकात आली. मंत्रिमहोदय उपस्थित होते. पाण्याच्या गाडीचे स्वागत ढोल-नगारे वाजवून करण्यात आले. हा प्रसंग अनुपम मिश्र यांनी ‘आज भी खरे हैं तालाब’ या १९९३ साली निघालेल्या हिंदी पुस्तकात नोंदविला आहे. मिश्र वर्ध्याला जन्मलेले; दिल्लीच्या गांधी शांती प्रतिष्ठानात त्यांनी हयात घालविली आणि २०१६ साली ते वारले. या पुस्तकावर त्यांनी स्वामित्वहक्क ठेवला नाही, ज्याला छापावेसे वाटेल त्याने छापावे. सतवासला एका शाळामास्तरांनी मला ते वाचावयास दिले.

मालव्यात वर्षाला साधारण ४० इंच पाऊस पडतो. आपल्याकडे त्याच्या तिप्पट पडतो. म्हणजे देवासवर आकाश रुसले होते असे नव्हे. देवासात लहानमोठे अनेक तलाव होते. ते तीसेक वर्षांत बुजविले गेले, त्यांवर घरे उठली, कारखाने उठले. पुढे शहर आणि शेते दोन्ही कूपनलिकांवर अवलंबून राहिली. नळी खोल, आणखी खोल, शेकडो फूट खोल जात राहिली. सोयाबीननंतर गव्हाला पाणी हवे, म्हणून शेतकऱ्याने कर्ज काढून एक नळी मारावी, ती आटली की दुसरी मारावी, असा क्रम सुरू झाला. जमीन तीच, पाऊस तोच. मात्र पडलेले पाणी थांबेल अशी जागा उरली नाही.

या पुस्तकातून मी एक शब्द उचलला. राजस्थानकडे तलावाच्या प्रत्येक अंगाला स्वतंत्र नाव आहे. जेथे पाणी साठते तो आगर, त्याला अडविणारी ती पाळ, आणि ज्या माळावरून, उतारावरून पाणी वाहत तळ्यात येते तो सारा भाग म्हणजे आगौर. आगौरात जोडे घालून जावयाचे नाही, गुरे सोडावयाची नाहीत, तो झाडून स्वच्छ ठेवावयाचा, असे तेथील गावांचे नियम होते. आपण तळी म्हणतो तेव्हा पायऱ्या आणि चिऱ्यांचा चौक एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. आगौराला आपल्या बोलीत मला प्रतिशब्द सापडला नाही, आणि जेथे शब्द नाही तेथे राखणही राहत नाही, असे मला वाटू लागले आहे.

या पुस्तकाचा आरंभ एका लोककथेने होतो. ती जबलपूरकडील आहे. कूडन, बुढान, सरमन आणि कौंराई असे चौघे शेतकरी भाऊ. कूडनची मुलगी शेतावर भाकरी घेऊन जाताना तिला दगडाची ठेच लागली. रागाने तिने विळा दगडावर मारला, तो विळा सोन्याचा झाला. दगड परीस होता. राजाला कळले म्हणजे तो हिरावून घेणार, त्यापेक्षा आपणच नेऊन द्यावा, म्हणून भाऊ राजाकडे गेले. राजाने परीसही घेतला नाही आणि सोनेही घेतले नाही. याच्या बळावर चांगली कामे करीत राहा, तलाव बांधीत राहा, असे सांगून त्याने त्यांना परत पाठविले. त्या भावांच्या नावांचे तलाव त्या भागात दाखविले जातात. कथा खरी की खोटी, हा प्रश्न मी विचारला नाही. कारकून असूनही विचारला नाही. कारण ज्या गावात ही कथा आजी नातवाला सांगत असेल, त्या गावात तलाव बुजविणाऱ्याला चार माणसांपुढे उत्तर द्यावे लागेल. सरकारी फलकापेक्षा तिचा धाक मोठा.

आता देवासने पुढे काय केले ते सांगतो. २००६ साली उमाकांत उमराव हे देवासचे जिल्हाधिकारी झाले. त्यांनी मोठ्या शेतकऱ्यांना एकत्र करून हिशेब मांडला: कूपनलिकांवर आजवर किती पैसा घातला, त्यातून किती पाणी मिळाले, व्याज किती भरले. आपल्या जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा तळ्याला द्या, उरलेली जमीन दुप्पट पिकेल, असे त्यांचे म्हणणे होते. आरंभी अनुदान नव्हते. जो शेतकरी तळे खणील त्याला ‘भागीरथ कृषक’ म्हणावयाचे आणि त्याच्या तळ्याला ‘रेवा सागर’. मालव्याची काळी माती पाणी धरून ठेवणारी. प्लास्टिक अंथरावे लागले नाही. टोंकखुर्दच्या बाजूला धतुरिया वगैरे गावांतून पाहता पाहता तळी झाली आणि जिल्ह्यात त्यांची संख्या हजारांवर गेली. पुढे राज्य सरकारने ‘बलराम ताल’ नावाची अनुदानाची योजना काढली.

मी अशी काही तळी पाहिली. एका शेतकऱ्याने मला पाळीवरून फिरवून आणले. दहावा हिस्सा गेला त्याचे दुःख झाले नाही काय, असे मी विचारले. तो म्हणाला, बाबूजी, तळे खणणे एकदाच असते, गाळ काढणे दरवर्षी असते. ज्याला दरवर्षीचे जमले त्याचेच तळे. त्याच्या शेजारच्या शेतातले तळे त्याच साली खणलेले होते आणि त्यात बेशरमीची झुडपे माजली होती. जिल्हाधिकारी बदलून जातात. अनुदान एकदा मिळते. गाळ मात्र दर पावसाळ्याला येतो.

येथे एक सावधगिरी नमूद करतो, नाहीतर तळे म्हटले की सगळे पुण्यच, असा समज व्हावयाचा. महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी शेततळ्यात प्लास्टिक अंथरून विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी उपसून त्यात भरून ठेवतात. त्यातले काही उन्हाने उडून जाते आणि शेजाऱ्याची विहीर आटते. त्याला साठवण म्हणता येणार नाही. सर्वांच्या खात्यातली रक्कम उचलून आपल्या नावावर टाकण्याचाच तो प्रकार होय.

आता गाण्याकडे वळतो. ज्या १९९० साली देवासात पाण्याची गाडी आली, त्याच साली देवासच्या एका रहिवाशाला पद्मविभूषण मिळाले. पंडित कुमार गंधर्व. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी हे त्यांचे जन्मगाव. मुंबईस प्रोफेसर देवधरांकडे ते शिकले आणि अंजनीबाई मालपेकरांचेही मार्गदर्शन त्यांस लाभले. अंजनीबाईंच्या आडनावात आपल्या पेडण्याकडील मालपें गाव आहे, हे येथे मुद्दाम सांगतो. क्षयाने आजारी होऊन कुमारजी १९४८ च्या जानेवारीत देवासला आले, ते कोरड्या हवेसाठी. डॉक्टरांनी गाण्यास मनाई केली. पत्नी भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी करून संसार चालविला. सुमारे पाच वर्षे हा गवई गायला नाही. तो अंथरुणावर पडून ऐकत होता.

काय ऐकत होता? बाजाराला जाणाऱ्या बाया गात जात, ते. लग्नघरी गाणी चालत, ती. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी निर्गुणी भजने म्हणत, ती. यांपैकी कोणालाही आपण एका मोठ्या गवयाच्या खिडकीखालून जात आहोत, याची जाणीव नव्हती. कुमारजी बरे होऊन उठले तेव्हा त्या लोकधुनांतून त्यांनी नवे राग बांधले. त्यांना ते धुन-उगम राग म्हणत. मालवती, लगनगंधार, संजारी ही त्यांतील काही नावे. १९६५ साली ‘अनूपरागविलास’ हा त्यांच्या बंदिशींचा ग्रंथ निघाला. मालव्याच्या लोकगीतांचा स्वतंत्र कार्यक्रम त्यांनी केला, पावसाच्या गाण्यांचा ‘गीतवर्षा’ केला. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासातच त्यांचे निधन झाले.

समीक्षक याला प्रतिभा म्हणतात, आणि ती होतीच. पण मला त्यात आगौर दिसतो. त्या बाया गात नसत्या, प्रत्येकीच्या घरी एक यंत्र असते आणि त्या मुकाट्याने बाजार करून परतत्या, तर त्या खिडकीत काय आले असते? तळे कितीही खोल असो, उतारावरून आले नाही तर त्यात पाणी कोठले?

हे आपल्यालाही लागू आहे, आणि थोडे अवघड वाटले तरी बोलतो. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मालपेंच्या अंजनीबाई यांची नावे आपण अभिमानाने घेतो. त्यांची घराणी देवळांच्या सेवेतली. आपल्या चौकांतून, आपल्या पालख्यांपुढे त्यांच्या आज्या-पणज्या गायल्या. त्या गाण्यावर महाजनांनी कान तृप्त केले. पण त्या बायांना बसावयास कोठे जागा दिली आणि कोणत्या पंक्तीला पान वाढले, याच्या आठवणी अभिमानाच्या नाहीत. गोमंतकाच्या संगीताचा आगौर त्यांनी राखला, आपण नव्हे.

मोगूबाईंचे नाव आले म्हणून कुर्डीविषयी दोन शब्द. साळावलीच्या धरणाखाली हे गाव गेले. तेथील कदंबकालीन महादेव मंदिर दगड दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारले. दरवर्षी मे महिन्यात पाणी ओसरले की घरांचे चौथरे वर येतात, आणि जुने गावकरी मुलाबाळांस घेऊन तेथे जातात. दक्षिण गोव्यातील आपल्यापैकी पुष्कळजण साळावलीचे पाणी पितात. तेही साठवलेले पाणी, आणि रेवा सागरातलेही साठवलेलेच. एक आपल्या जमिनीचा दहावा हिस्सा देऊन साठविले, दुसरे कोणाचे तरी सारे गाव घेऊन. नळ सोडताना हा फरक कोणी आठवावा असे मी म्हणत नाही, पण नोंद तरी राहावी. मोगूबाईंच्या आडनावात ती राहिली आहे.

सतवासच्या बाजूला हा फरक अधिक ठळक आहे. इंदिरा सागर धरणाने हरसूद हे खंडवा जिल्ह्यातील सबंध गाव २००४ साली उठविले, आणि देवास जिल्ह्यातील काही गावेही त्या जलाशयाने घेतली. त्याच जिल्ह्यात नर्मदेच्या काठी धाराजी म्हणून स्थान होते. भूतडी अमावास्येला तेथे हजारो माणसे नहाणासाठी जमत. ७ एप्रिल २००५ च्या रात्री माणसे वाळवंटात झोपली असता धरणातून सोडलेले पाणी एकाएकी आले आणि साठांहून अधिक माणसे गेली. यात्रेची तिथी गावोगाव ठाऊक होती. पाणी सोडणाऱ्यांच्या वेळापत्रकात ती नव्हती. ज्या कथेने लोक नदीला ओळखत आले, ती कथा नदीचा चालक बदलल्यावर पुरी पडली नाही, असे मला ते वाचताना वाटले.

ती कथा आम्हांस शेजारच्या आजीबाईंनी सांगितली. नर्मदेचा विवाह शोणभद्राशी ठरला होता. त्याला पाहिलेले नाही, म्हणून नर्मदेने आपली सखी जोहिला हिला आपले कपडे-दागिने घालून पुढे पाठविले. शोण तिलाच नर्मदा समजला आणि तिच्यातच गुंतला. नर्मदेने ते पाहिले मात्र, तोंड फिरवून ती पश्चिमेस निघाली, ती कुमारीच राहिली. आजीबाई हे सांगताना जोहिलेवर अशा तोंडसुख घेत होत्या, की ती गल्लीतच कोठे राहत असावी. सौभाग्यवतीने त्यांना विचारले, आमच्या घरच्या पंचायतनात शंकराचा बाण नर्मदेचा असतो आणि गणपतीचा तांबडा पाषाण शोणभद्राचा. ती दोघे एका ताम्हनात कशी नांदतात? आजीबाई पुष्कळ वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, देवघरात नांदतात, बाहेर नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी पंचायतन आहे त्यांनी उद्या पूजेला बसताना पाहावे. बाण त्या धाराजीच्या कुंडाकडूनच देशभर जात असत; आता तो भागही ओंकारेश्वर धरणाच्या पाण्याखाली आहे.

सतवासच्या रात्रीच्या भजनांविषयी सांगावयाचे राहिले. थंडीत एखाद्याच्या ओसरीवर मंडळी जमतात. पाच तारांचा तंबोरा, करताल, मंजिरे, ढोलक. गाणारा दिवसा गवंडी, साथीला ट्रॅक्टर चालविणारा. कबीराचे एक पद अर्धे गाऊन तो थांबतो, तंबोरा छेडत ठेवूनच गोष्ट सांगतो, कोणी मध्येच शंका काढतो, तिचे उत्तर देतो आणि पुन्हा त्याच ओळीवर येतो. आपल्या कीर्तनकारांचे निरूपण याहून वेगळे नाही. मात्र तेथे श्रोता गप्प बसत नाही. १९९० नंतरच्या दशकात देवासच्या एकलव्य संस्थेने अशा मंडळ्यांना महिन्यातून एकदा एकत्र बसवून रात्रभर गाणे आणि त्यावर चर्चा, असा उपक्रम केला होता. उज्जैन जिल्ह्यातील लुनियाखेडीचे प्रल्हादसिंग टिपाणिया हे शाळामास्तर याच परंपरेतले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण टिपाणियांसारखा एक वर येतो तेव्हा खाली शेकडो ओसऱ्या गात असाव्या लागतात. त्या ओसऱ्यांना कोणी पद्मश्री देत नाही, आणि त्यांना ती नकोही आहे. त्यांना रात्री चहा हवा आणि सकाळी कामाला वेळेवर उठविणारे कोणीतरी हवे.

आता आपल्या घरी येऊ. विषयपत्रिकेत दोन देणग्यांचा स्वीकार हा विषय आहे. एक, देवळाभोवतालचे सबंध आवार डोंगराच्या अंगापर्यंत पेव्हर घालून फरसबंद करणे, आणि पावसाचे पाणी गटाराने रस्त्याकडे काढून देणे. दुसरी, विजेवर चालणारा नगारा, घंटा व झांजा यांचा संच. बटण दाबले की आरतीला तिन्ही वाजतात. देणगीदार दोन्ही समोर बसले आहेत. त्यांची भक्ती आणि सढळ हात यांविषयी माझ्या मनात आदरच आहे, हे आधी सांगतो.

मध्यंतरी समितीच्या विनंतीवरून मी आपल्या कपाटातील जुने कागद चाळले. १९३३ च्या माझानींच्या रेग्युलामेंताअन्वये आपला जो कोंप्रोमिस झाला, तो पोर्तुगीज भाषेत असल्याने आता फारसे कोणी उघडत नाही. त्यात वार्षिक खर्चाची एक सूची आहे. पावसाळ्यापूर्वी तळीचा गाळ काढणे आणि डोंगराकडून येणारा पाट मोकळा करणे, याला किती माणसे आणि किती भात, हे तेथे दिले आहे. त्याच्याच खाली चौघडावाले आणि पालखीपुढील गाणे-वाजप यांना किती भात, हे दिले आहे. दोन्ही एकाच पानावर, एकाच शीर्षाखाली. ते शीर्ष बांधकामाचे नव्हे. ते दरवर्षी पुन्हा करावयाच्या खर्चाचे आहे. लिसेवमध्ये शिकलेले पोर्तुगीज आयुष्यात इतके उपयोगी पडल्याचे मला आठवत नाही.

नंतरच्या जमाखर्चाच्या वह्या पाहिल्या. भाताच्या जागी रुपये आले, मग रक्कम तीच राहून महागाई वाढली, मग रकमेपुढे रेघ आली. कसेल त्याची जमीन झाल्यावर देवस्थानचे भात थांबले, हे त्याचे एक कारण, आणि ते खोटे नाही. पण त्याच वर्षांत कळसाला, संगमरवराला आणि कमानीला देणग्या आल्या. त्यांवर नावाची पाटी लागते. गाळ काढणाऱ्याच्या नावाची पाटी कोठे लावावयाची? नगाऱ्यावर? गेल्या वैशाखात तळीची खालची पायरी उघडी पडली होती आणि समितीने अभिषेकासाठी पाण्याचा टँकर मागविला. एकशेवीस इंच पावसाच्या गावात. ढोल वाजवून त्याचे स्वागत आपण केले नाही, एवढाच देवासात आणि आपल्यात फरक. नगारा वाजविणारे गृहस्थ आता सत्तरी ओलांडून आहेत; त्यांचे दोन नातू संध्याकाळी अग्रशाळेच्या पायरीवर बसून मोबाइल पाहतात. त्यांना हातात टिपरी घेण्यास आजवर कोणी सांगितलेले नाही.

माझे म्हणणे देणग्या नाकाराव्या असे नाही. आवार जरूर फरसबंद व्हावे; पण डोंगराच्या अंगाची दहा हात रुंदीची पट्टी मातीची राहावी, जुना पाट उकरून तो तळीला मिळावा आणि तोंडाशी गाळ बसण्यासाठी एक लहान खड्डा ठेवावा. त्यासाठी देणगीतली रक्कम वाढणार नाही, थोडी वाचेल. विजेचा नगारा यावा, पण नगारावाले आजारी असतील त्या दिवसापुरता. आणि संचाच्या किमतीएवढीच रक्कम मुदतठेवीत टाकून तिच्या व्याजातून त्या दोन मुलांना आरतीमागे काही मिळावे, शिकविणाऱ्या आजोबांना अधिक मिळावे. घुमट आरतीसाठी महिन्यातून एक संध्याकाळ महाजनांच्या मुलामुलींनी स्वतः बसावे. बेसूर होईल. सतवासचा तो गवंडीही पहिली दोन पदे बेसूरच गातो.

आणि वैशाखातले दोन रविवार. पन्नास माणसे आली तर तळीचा गाळ दोन रविवारांत निघतो, हे जुन्या हजेरीवरून मी काढले आहे. काढलेला गाळ कुळागरांना हवाच असतो. मुंबईहून येणाऱ्यांनी सुटीच्या तारखा त्या बेताने घ्याव्यात.

हा विषय पत्रिकेत सातव्या क्रमांकावर आहे. सहावा विषय होईतो महाप्रसादाची घंटा होते आणि मंडळी उठतात, असा प्रतिवर्षीचा प्रघात दिसतो. सबब अध्यक्षांनी तो दुसऱ्या क्रमांकावर घ्यावा, एवढी विनंती आहे. अग्रशाळेच्या मागच्या खोलीत फावडी व घमेली मी मोजून आलो. फावडी ११ आहेत, त्यांतील तिघांना दांडे नाहीत, घमेली १४.